बसल्या जागेवरून शीड

१४ सप्टेंबर २००३, रविवार
माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: सुकाणू अडकवून ठेवणारी कडी (फाटकाची). दोरीची पकड (स्कूटरचा ब्रेक लिव्हर). दोरीच्या कप्प्यांच्या (पुलींच्या) सागवानी बैठका, सहा. पाण्यात घालायचं जाकीट (उशीचा अभ्रा, आत थर्मोकोल). कुणाकडे शिकायला गेलो नाही.
कारवारहून आणलेली शिडाची होडी मुळात दोघांनी चालवायची. दुसरा म्हणजे मेहुणा सुमंत. गेल्या महिन्यात केलगेरी तळ्यात त्याने उगाच हालचाल केली आणि दोघेही पडलो. पाणी छातीपर्यंत होतं. मी ओरडलो ते त्याला सूचना देण्यासाठी. आता तो येत नाही. दसऱ्याला एकटा तळं पार करणार, असं सगळ्या सप्तापुरात सांगून झालंय. मला पोहता येत नाही. त्याचा इथे संबंध नाही.

२१ सप्टेंबर
सगळ्या दोऱ्या कप्प्यांवरून फिरवून माझ्या बसायच्या फळीपाशी आणल्या. शीड चढवणं, उतरवणं, सैल सोडणं, सगळं बसल्या जागेवरून. उठायचं नाही, हे तत्त्व. उठला की माणूस पडतो.
बायको, हेमावती, म्हणाली, "बसूनच राहायचं तर घरात खुर्ची आहे की."
झोप कमी. चहा जास्त झाला असावा.

२८ सप्टेंबर
ट्रायल. अंगणात, विटांवर. शीड वर, शीड खाली. कुठे अडकलं नाही. सुमंत बघायला आला. "भावजी, जोराचा वारा आला तर?" म्हटलं, दोरी सोडायची, शीड सैल पडतं, होडी थांबते. "आणि सुटली नाही तर?" असले प्रश्न शिकलेल्या माणसाने विचारू नयेत.
तो गेल्यावर दोरी चाळीस वेळा सोडून बघितली. व्यायाम झाला.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
हत्यारांची, स्कूटरची, मग होडीची पूजा. डोलकाठीला केळीचा खुंट. हेमावतीने हार दिला, म्हणाली, पुढे लावा, बास. अर्धवट काम मला चालत नाही. सहाही कप्प्यांना झेंडूची वेगळी माळ, जाड सुतळीत ओवून. पूजेच्या माळा बन्नीचं (शमीचं) सोनं वाटून होईपर्यंत काढायच्या नाहीत, हा आमच्या घरचा नियम.
उद्या वारा नसला तर प्रयोग पुढे ढकलावा लागेल. मनाची तशी तयारी आहे.

५ ऑक्टोबर, दसरा, दुपार
वारा होता.
काठावर अख्खं सप्तापूर. हेमावती म्हणाली, "अहो, त्या माळा तरी काढा." सोनं संध्याकाळी वाटतात. नियम तो नियम. शीड चढवताना माळा थोड्या कप्प्यांत ओढल्या गेल्या. उलट नीट बसल्या.
तळ्याच्या मधोमध झोत आला. दोरी सोडली. वीतभर सरकली, थांबली. शीड उतरवायची दोरी ओढली. तीही जाम. होडी कलली आणि सुटली. सुकाणू कडीत पक्कं. काठावरून ओरडा, "बिडरी अण्णा, बिडरी!" म्हणजे सोडा, सोडा. काय सोडू? फळी? डोळे मिटले. उठलो नाही.
पलीकडे म्हशी डुंबत होत्या. एक हलली नाही, म्हणून थांबलो.
तळं पार झालं. एकट्याने. सुमंत तळ्याला वळसा घालून धावत आला आणि माझी बोटं एकेक करून फळीवरून सोडवली. मी "आई गं" म्हणत होतो, असं तो सांगतो. म्हैस ओरडली असेल.

६ ऑक्टोबर
दोष माळांचा. डिझाइन निर्दोष. सकाळी होडीत बसून बघावं म्हटलं, अंगणातच, विटांवर. पाय आत टाकवेना. संधिवात.
संध्याकाळी रायापूरचे हॉटेलवाले यशवंतराव आले. होडी हॉटेलच्या लॉनवर सिमेंटमध्ये बसवायची, आणि दर रविवारी मी कॅप्टनची टोपी घालून आत बसायचं. पोरं फोटो काढतील. विचारलं, हलणार तर नाही ना? "छे हो! ट्रक धडकला तरी हलायची नाही." हेमावती आतून म्हणाली, "हो म्हणा." मी तिथल्या तिथे नकार दिला.
शेवटी दर रविवारचे पंचाहत्तर रुपये ठरले. वर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी.