शेगडीवरचा पुदिना

९ मार्च
"उपटून टाक तो पुदिना. कांदे लाव तिथे." लल्ला तामूचं, म्हणजे माझ्या सासूचं, आजचं पहिलं वाक्य! हिवाळ्यातल्या तापानंतर तिला कसलाच वास येत नाही. चहा म्हणजे नुसतं गरम साखरपाणी, म्हणते. मेकनेस शहराच्या बाजारात जुडी नाकाशी धरून कुठल्या मळ्यातली ते सांगणारी ही बाई!
गयावया करून महिनाभराची मुदत घेतली. "घे. पण नंतर कांदे!"

११ मार्च
उन्हं यायच्या आत विळा घेऊन बसले. वरवर पानं खुडायला लागले, तर दारातून ओरडली, "शेंडे काय कुरतडतेस? बकरी आहेस का? जमिनीपासून दोन बोटं ठेव, बाकी साफ!"
कापलं. जून काड्या, तांबेरा पडलेली पानं, सगळं. वाफा बोडका झाला. आता मेला तर मीच मारला.

१५ मार्च
काही नाही. चहासुद्धा सुका पुदिना घालून. तोही भांडं उतरवल्यावरच! पुदिना विस्तवावर ठेवायचा नाही, कडू होतो — लग्नानंतर तिनं शिकवलेली पहिली गोष्ट.

१९ मार्च
आले! जांभळट कोंब, मोजताच येईनात. जिथे काडी नव्हती तिथेही! मी वर रडत बसले होते आणि मातीत हे सगळं चालू होतं. केवढी ही ताकद! किती वेळ ओणवी होऊन बघत राहिले. नवरा, द्रिस, म्हणाला, "काय हरवलंय?" त्याला काय सांगू!

१३ एप्रिल
पहिली कापणी. कवळाभर निघाला! हात, ओढणी, दाराची कडी, सगळ्याला वास. लल्लाच्या मांडीवर नेऊन ठेवला. तिनं पानं चुरगळली, नाकाशी धरली. किती वेळ! मग हात पुसले.
"बाजाराच्या दिवशी कांद्याची रोपं आण."
मी रडले. ती नाही.

१८ एप्रिल
बाजाराचा दिवस. चहा शेगडीवर ठेवला, रोपांसाठी टोपली घ्यायला वाफ्याकडे गेले — कापलेल्या बुडख्यांतून पुन्हा कोंब! पाच दिवसांत! तिथेच बसले. घाईत पुदिना आधीच भांड्यात टाकलाय आणि भांडं तसंच निखाऱ्यावर राहिलंय, हे ध्यानातच नाही.
आतल्या खोलीतून, दार बंद असताना, लल्ला कडाडली —
"अगं सूनबाई! पुदिना उकळतोय! कडू केलास सगळा!"