भेंडी मी शिकवली होती

४ सप्टेंबर, गुरुवार

आज रेडिओ फोडणार होते मी! अठ्ठावीस तारखेला एमेटचा बेसबॉलमधला निरोपाचा सामना, म्हणून त्या लोरेटा पिकेन्सला गप्पा मारायला बोलावलं होतं. म्हणते कशी — "पोरगा माझ्याकडे आला तेव्हा भेंडी ओळखत नव्हता. मी खायला शिकवली." खोटारडी! भेंडी मी शिकवली. इथे, याच टेबलावर. कॅन्ससहून आलेलं अठरा वर्षांचं काटकुळं पोर, आमच्या गावच्या छोट्या संघात खेळायला लागलं, आणि संघानं राहायला माझ्याकडे दिलं. पलंग आखूड पडायचा म्हणून पायाशी खुर्ची लावून निजायचा. माझ्या तळलेल्या भेंडीकडे असं बघितलं, जसं काही मी सुरवंट वाढलेत! आठवड्यानं मागून खायला लागला. लोरेटाच्या गावी, वरच्या पायरीच्या संघात, तो पुढच्या वर्षी गेला आणि तिच्याकडे राहिला. म्हणजे भेंडी शिकूनच गेला.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये तिघींनी विचारलं, "व्हर्ना, रेडिओ ऐकलास का?" म्हटलं, बिघडलाय. देवा, माफ कर.

९ सप्टेंबर, मंगळवार

जोसीनं पेपर वाचून दाखवला. नात गुणी आहे. माझी शाळा सातवीतच सुटली, आणि आता बारीक अक्षरही दिसत नाही. तर काय — एमेट जन्मभर एकाच संघात! हेरन्समध्ये. (आमच्या गावचा आणि लोरेटाच्या गावचा, दोन्ही संघ हेरन्सचेच, पोरं तयार करायचे.) हल्ली कोण राहतं असं? माझा नवरा हार्लन म्हणायचा, "खेळाडूच्या नावाची टोपी घेऊन घरी येईस्तोवर तो दुसऱ्या संघात गेलेला असतो." हार्लननं स्वतः एकच ट्रक एकवीस वर्षं चालवला, दार दोरीनं बांधून. मी कितीदा म्हटलं, अरे — जाऊ दे, भलतीकडेच चालले.

तर सात वर्षांपूर्वी हेरन्स एमेटला कॅलिफोर्नियाच्या संघाला देऊन टाकणार होते. पण इतकी वर्षं एका संघात काढलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हलवता येत नाही, तसा नियमच आहे. आणि एमेटनं नाही म्हटलं! का? तर त्याच आठवड्यात मी फोन केला होता, "बाळा, जाऊ नकोस रे कुठे." म्हणून थांबला. आणि पेपरात लोरेटाबाई काय सांगतात? "मी त्याला पत्र लिहिलं, म्हणून थांबला." पत्र! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जोसी हसायला लागली. "आजी, तुझे कान बघ, लालभडक!"

"गप वाच पुढे."

पुढे असं की, निरोपाच्या दिवशी एमेट सगळ्यांसमोर सांगणार, आपण का थांबलो ते. तिचं नाव घेतलं तर पुढच्या वर्षी परसात भेंडी लावणार नाही. एक रोपसुद्धा नाही!

१५ सप्टेंबर, सोमवार

केस कापून आले. मैदानात कॅमेरा वळलाच माझ्याकडे तर नीट असावेत आपले. निळा ड्रेस काढला होता. पण लोरेटा निळाच घालेल. पिवळा घालते.

२२ सप्टेंबर, सोमवार

एमेट आला! न कळवता, मागच्या दारानं, पूर्वीसारखा. दाढी पिकलीय. पायऱ्या चढताना गुडघे असे वाजले की कुत्रं उठून बसलं. दोन ताटल्या भेंडी खाल्ली. मग ताटली सरकवून म्हणाला, "मिस व्हर्ना, मी तेव्हा नाही म्हटलं नव्हतं."

"कधी?"

"कॅलिफोर्नियाला. मीच मागे लागलो होतो, मला सोडा म्हणून. दोनदा. त्यांच्या डॉक्टरनं माझा खांदा बघितला आणि सांगितलं, हा नको. मग माझी लाज राखायला हेरन्सनं उठवलं की मीच नकार दिला."

मी तवा घासत होते. घासतच राहिले.

"आणि माझा फोन?"

"तुमचा फोन आला तेव्हा बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या."

सात वर्षं मी त्या फोनवर मिरवतेय.

"रविवारी काय सांगू मी?" म्हणाला. "लोक टाळ्या वाजवणार. खोट्या गोष्टीला तुमचं नाव नाही जोडता येत मला. हे आजवर कुणाला सांगितलं नाही."

"लोरेटाला?"

"तिलाही नाही."

मी हात पुसले. जवळ बसले. रविवारी काय बोलायचं ते त्याला नीट समजावलं. आधी बघतच राहिला, मग हसला, अगदी अठरा वर्षांचा असल्यासारखा. जाण्याआधी त्या आखूड पलंगावर जरा पडला. खुर्ची मीच लावली.

२८ सप्टेंबर, रविवार

त्यानं लोरेटाचं नाव घेतलं. मी सांगितलं होतं तसंच — "जाऊ नकोस असं पत्र लिहिलं होतं तिनं. अजून आहे माझ्याकडे." एवढंच. तेवढं तर खरंच आहे. चाळीस हजार माणसं उभी राहिली. बाई माझ्या शेजारीच होती (पिवळाच घालून आली होती!). ढसाढसा रडली, माझा हात धरून म्हणाली, "व्हर्ना, तुला वाईट नाही ना वाटलं?" छे गं, म्हटलं, आणि रुमाल दिला. भेंडीसुद्धा तूच शिकवलीस, म्हटलं.