मेरी कोण होणार

टीचर, तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, आणि मी आत्ता कुठे लिहायला बसले आहे. त्या ईस्टरच्या नाटकाबद्दल. मिशनची शाळा असली तरी आम्ही हिंदू घरांतल्या पोरीच जास्त, पण येशूची आई मेरी व्हायला सगळ्या जीव टाकायच्या. संतीण व्हायलाही कुणी नाही म्हणायचं नाही. अडायचं ते पापी बाईपाशी, येशूचे पाय आसवांनी धुऊन केसांनी पुसणारी ती. तिचा धंदा तुम्ही वर्गात कधी सांगितला नाहीत, पण आम्हाला कळायचं.

त्या वर्षी तुम्ही मेरी दिलीत माझ्या बाकावरच्या, जुन्या हुबळीतल्या मुलीला. धाकट्या भावाला कडेवर घेऊन ती फाटकाशी उभी राहायची, तेच तुम्ही पाहिलं असणार. माझा नुसता जळफळाट. डबा खाताना मी म्हणाले, हिच्या आईला रोज एक माणूस स्कूटरवरून सोडतो, बाप तर घरात नाहीच. एवढंच. पुढचं पोरींनी आणि त्यांच्या आयांनी केलं. आठवड्याच्या आत पालक हेडबाईंकडे गेले, असल्या बाईची पोर मेरी होणार का म्हणून. तुम्ही भांडलात म्हणे, पण शेवटी नमलात. मेरी मला मिळाली, पापी बाई तिला.

नाटकात केस मोकळे सोडून ती येशूचे पाय पुसते आहे आणि रडते आहे, ते खरं रडणं आहे, आणि मी शेजारीच हात जोडून उभी आहे. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. तुम्ही तिच्या घरी जाऊन आलात आणि वर्गात सांगितलंत, तो माणूस तिचा मामा आहे. तिची आई ना संतीण होती ना दुसरं काही, ब्लाउज शिवून दोन पोरं वाढवणारी बाई होती ती. रागावलात की तुमच्या तोंडी कन्नडच यायची. माझ्याकडे बघून म्हणालात, "यारु हेळिद्रु?" कोणी सांगितलं? मी म्हणाले, मला काय ठाऊक, टीचर. लग्नाची पत्रिका द्यायला केलगेरीला तुमच्या घरी आले तेव्हाही तुम्ही विचारलंत, "ती कुठं दिसली का गं?" मी पत्रिका तुमच्या हातात ठेवली आणि निघाले.

मी सांगितलं होतं, टीचर. मेली लाज अजून जात नाही.

पाठवायला आता पत्ता नाही, पण असता तरी हे धाडलं नसतं. परवा नातीला नाटकातला फोटो सापडला, डोक्यावरून निळा पदर घेतलेली मी. आजी, तुलाच का गं निवडलं, तिनं विचारलं.

मी म्हणाले, "चांगली मुलगी होते म्हणून."