चौकातला बहिरा घोडा

प्रिय थापाड्या,

परवा चौकात जाऊन आलो. चक्क अकरा वर्षांनी! घरापासून बसने वीस मिनिटं, पण इतके दिवस गुडघ्याचं निमित्त सांगून टाळत होतो. या खेपेला नातीने हट्टच धरला. नऊ वर्षांची आहे. आजोबांनी आयुष्यभर जिथे लोकांना फिरवलं ती जागा बघायचीच म्हणाली. लेकीनेही तिचीच री ओढली. दोघींपुढे माझं काय चालणार? निघालो.

चौक तसाच आहे रे. जुनी नगरपालिका, तिच्यापुढची उतरती फरसबंदी, तिन्ही बाजूंच्या कमानी. ज्या कमानीखाली बसून आपण दोन घोळक्यांच्या मधल्या वेळात थर्मासमधली कॉफी प्यायचो, तिथे आता चष्म्यांचं दुकान थाटलंय. कबुतरं मात्र तेवढीच, आणि तेवढीच निर्लज्ज. मध्ये कारंजं, आणि त्याच्या काठावर पाणी प्यायला वाकलेला आपला दगडी घोडा, उजवा कान तुटलेला.

त्या घोड्यापाशी ही भलीमोठी रांग! पिवळी छत्री उंच धरून एक तरुण गाइड मुलगी सांगत होती, की ज्या पाथरवटाने हा घोडा घडवला त्याची बायको एका कानाने बहिरी होती. लोक तिला हसायचे. म्हणून त्याने घोड्याचा एक कान घडवलाच नाही, आणि सगळ्यांना बजावलं, की माझ्या बायकोशी बोलायचं तर आधी कुठल्या बाजूला उभं राहायचं ते शिका. तेव्हापासून मनातलं काही बोलायचं असेल, तर लोक घोड्याच्या डाव्या कानात बोलतात. शब्द न् शब्द तुझा! अरे, तो कान बाकं उतरवायला आलेल्या ट्रकने मागे येताना उडवला, हे आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी एका बाईंनी कान कुठे गेला म्हणून विचारलं, आणि तू पापणीसुद्धा न लववता ती पाथरवटाची बायको जन्माला घातलीस. मी खांबाआड कपाळाला हात लावून उभा होतो.

आता त्या डाव्या कानाचा दगड हात लागून लागून गुळगुळीत झालाय. आमची नातही रांगेत उभी राहिली, टाचा उंचावून कानात काहीतरी पुटपुटली, आणि परत येऊन मला म्हणाली, "आजोबा, एवढी छान गोष्ट तुम्ही मला कधीच कशी सांगितली नाहीत?" अरे, तुझ्या गोष्टी मला किती आवडायच्या, हे मी तुलाही कधी सांगितलं नाही. मी आपला सनावळ्या, उंची, पायऱ्यांची संख्या सांगत राहायचो आणि लोक जांभया द्यायचे. तू एकदा म्हणालास, "मास्तर, तुझी माणसं चौकात उभी असतात, माझी राहायला येतात." मी हसलो होतो तेव्हा. पण ते लागलं होतं रे मनाला.

घोळका पांगल्यावर मी त्या मुलीला गाठलं. ही गोष्ट कुठे ऐकलीस, विचारलं. "अहो आजोबा, फार जुनी आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात." पिढ्यान्‌पिढ्या! मला राहवलं नाही. ट्रक, बाई, तू, सगळं सांगून टाकलं. वाटलं, बिचारी हिरमुसेल. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, यापुढे आधी पाथरवट सांगेन, मग ट्रक, आणि मग तुमचा मित्र. आम्हा नव्या गाइडांना एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, पत्ता द्या ना. आणि मग तिने विचारलं, की इतकं छान सांगायचे, तर त्यांनी हे काम सोडलं का? नात दिसत नाही असं म्हणून मी तिथून सटकलो. नात माझ्या हाताला धरून उभी होती.

पत्ता दिला नाही, कारण आधी तुला हे कळायला हवं. तू लोकांना खोटा इतिहास सांगतोस, अशा ज्या निनावी तक्रारीने तुझा गाइडचा परवाना गेला, ती मी केली होती. त्या आठवड्यात माझ्या घोळक्यातली सहा माणसं मला अर्ध्यावर सोडून तुझ्यामागे गेली. घरी येऊन मी डाव्या हाताने लिहायला बसलो, अक्षर कळू नये म्हणून. इतिहासाची चाड आहे म्हणून लिहितोय, असं स्वतःला बजावत होतो. वाटलं, फार तर ताकीद देतील. त्यांनी परवानाच काढून घेतला, आणि पन्नाशीत तू मेहुण्याच्या गोदामावर राखणीला निघालास. स्टँडवर तुझ्या ट्रंका मीच चढवल्या. "मास्तर, कुणी केलं असेल रे?" तू विचारलंस. मी म्हणालो, "जाऊ दे, डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." आणि तू मला मिठी मारलीस. काल पर्यटन कचेरीत जाऊन, ती तक्रार कुणी आणि कशापोटी केली, ते माझ्या नावानिशी लिहून दिलं. उशीर झाला, कळतंय. त्या मुलीला पत्ता द्यायचा की नाही, तेवढं एका ओळीत कळव. माझ्यासाठी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
मास्तर