बंगल्यामागचा पांढरा चाफा

आई, तू तर जित्तेपनीच चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा हानत बसायची, तुले आता बंगल्याची बाग काय आठवनार! म्हनून मीच आठवन देतो. मले लिहिता येत नाही, नात लिहून राह्यली. तिच्यावरही माहा भरोसा नाही. मी दोन वाक्यं बोलतो अन् ती एकच लिहिते.

गोऱ्या सायबाचा तो दगडी बंगला अजून उभा हाय. भोवतालची बाग आता साऱ्या वाशीमची. सकाळी लोक तिथं ढेऱ्या कमी करायले येतात. तू तिथं झाडाले पानी घालायची, मी तुह्या पदराले धरून. माहा भाऊ नाव ठेवायच्या आधीच गेला. एवढुशा लेकराले जाळत नाहीत, म्हनून तू त्याले बंगल्यामागच्या पांढऱ्या चाफ्याखाली ठेवलं. "कोनाले बोलू नको," म्हनली. मी नाही बोलली. आज पहिल्यांदाच बोलून राह्यली, तर नातीचा पेन थांबला. लिही म्हनलं, रडायले मागून येळ हाय.

आता तिथं कारंजं होनार म्हनतात. चाफ्याभोवती चुन्याची रेघ पाहून मी इचारलं, हे कायचं? ठेकेदार म्हने, "आजी, नुसते फुलाचे ताटवे हायेत." मंग मजूर कंबरभर खड्डा खनायचं म्हनतात, ताटव्याले एवढा कायले लागते? मी रोज चाफ्याखाली जाऊन बसू लागली. तर तो माह्याकडंच संशयानं पाहे. एक दिवस जवळ येऊन हळूच म्हने, "म्हतारे, खरं सांग, सायबाचं सोनं इथंच हाय ना?"

पाह्य आता! राखायले गेली अन् मीच जागा दाखवून बसली.

दुसऱ्या दिवसापासून मी पार पुढच्या फाटकाशी, चिंचेखाली बसतो. तो दिसला की लुगडं पसरून जमीन झाकतो. परवा त्याइनं तिथं खनलं, फुटकी कुंडी निघाली. खड्डा झालाच हाय तर कारंजं इथंच करू, म्हनतात. मले नाही पटत. तो ठेकेदार लय गोड हासते. मी उठली की परत चाफ्याकडं वळन.

नात इचारते, "आजी, हे पाठवायचं कुठं?" कुठं पाठवते, ठेव उशीखाली. पन आई, चिंचेखालून चाफा दिसत नाही. मधात बंगला येते. त्या लेकराबिगर मले करमत नाही.

सपनात येशील तर रिकाम्या हातानं येऊ नको. अंबाडीची भाजी आन, वरून लसनाचं तेल, अन् ज्वारीची भाकर. आम्हा दोघा भावंडाइपुरती.