नावं न ठेवण्याचे दोन दिवस

बुधवार, ५ नोव्हेंबर. जेवणानंतर.
सुचेताची पुण्याला बदली निघालीय. तिकडच्या ऑफिसची हेड म्हणून. गेले पंधरा दिवस त्यावर अवाक्षर नाही. आज आमटी वाढता वाढता म्हणाली की शुक्रवारी संध्याकाळी आपण कनकपुरा रोडच्या पलीकडे एका निसर्ग उद्यानात चाललोय, आत एक इको-फ्रेंडली इन आहे, बुकिंग झालंय. वर एक अट. गेटातून आत शिरल्यापासून रविवारी गेटाबाहेर पडेपर्यंत मी कुणालाही नावं ठेवायची नाहीत. माणसांना नाही, जेवणाला नाही, सरकारलासुद्धा नाही. मी विचारलं, जमलं तर? ती म्हणाली की पुण्याचं काय ते मी सोमवारी सांगते.
म्हणजे जमलं की ती पुण्याला नकार कळवणार. उघड आहे. बावीस वर्षांच्या संसारानंतर बायको नवऱ्याला बंगळुरात टाकून जाते की काय! उगाच घाबरवते.
आणि मुळात मी नावं ठेवतच नाही. मी चुका दाखवतो. पीण्या या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात मी क्वालिटी हेड आहे. चुका काढायचा मला पगार मिळतो. माझं लाल स्टिकर दिसलं की सप्लायरच्या तोंडचं पाणी पळतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
शाल्मलीला (मुलगी, मणिपालला हॉस्टेलवर) फोनवर अट सांगितली. हसली. पाच मिनिटं हसत होती. फीचे एवढे पैसे भरून कॉलेजात हेच शिकवतात.
ठराव: १. हसतमुख राहणे. २. राग आला की दहा आकडे मोजणे. ३. अगदीच असह्य झालं तर या वहीत लिहिणे. वहीतलं धरायचं नाही. वही म्हणजे काही तोंड नव्हे.
बॅगेत बाकरवडीची चार पाकिटं ठेवली. तिथे प्लास्टिक बंदी आहे म्हणे. असली तर असू दे. बाकरवडी काय पळसाच्या पानात बांधून नेऊ?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.५०
अट गेटापासून सुरू होते, हे माझ्या वेळीच लक्षात आलं. त्यामुळे घर ते गेट अडीच तास मोकळेपणाने बोलून घेतलं. फ्लायओव्हरचं काम, रिक्षावाले, कर्नाटक राज्योत्सव होऊन आठवडा झाला तरी न उतरवलेल्या पताका, सुचेताच्या ऑफिसातली माणसं, सुचेताचं ड्रायव्हिंग. गेट दिसलं तेव्हा अगदी हलकं वाटत होतं. सुचेता गाडी बंद करून तशीच दोन मिनिटं बसून राहिली. ट्रॅफिकने दमली असणार.
मॅनेजरचं नाव यल्लाप्पा. उंच, मिशाळ, अनवाणी. (क्वालिटीचा पहिला नियम सेफ्टी शूज. बोललो नाही.) त्याने मातीच्या भांड्यात कसलंसं कोमट पाणी दिलं आणि फोन मागून वेताच्या टोपलीत ठेवला. प्रत्येक वाक्यात 'स्वल्प'. पाणी स्वल्प वापरा, दिवे स्वल्प लावा. खोलीच्या दारात काहीतरी स्वल्प स्वल्प करत हात खाली करून दाखवत होता. मी लक्ष दिलं नाही. चौकट पाच फूट चार इंच आहे. माझी उंची पाच फूट आठ.
टेंगूळ आलंय. तरी एक शब्द बोललो नाही! सुचेताने पाहिलं. पुणं मागे पडलं म्हणायचं.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
अंघोळीला एक बादली. एक! सोलरचं पाणी, म्हणजे काल ऊन कसं होतं ते आज अंगावर कळतं. संडासात फ्लश नाही. डब्यातला लाकडाचा भुसा वर टाकायचा आणि यायचं. मांजर यापेक्षा वेगळं काय करतं? आणि याचे एका दिवसाचे जे घेतात त्यात मी म्हैसूरला बाथटबमध्ये पडून असतो.
दहा आकडे मोजले. मग परत दहा. साडेसहापासून मोजतोय.

सकाळी ९.३०
बाकीचे पाहुणे म्हणजे एकच जोडपं. रोशन आणि रम्या. महादेवपुराच्या कुठल्याशा आयटी पार्कातले, नवीनच लग्न झालेलं, घरात एकमेकांशीही इंग्रजी. रोशन सकाळी झाडाला मिठी मारून डोळे मिटून उभा होता. मुंग्या चढल्या तरी हलेना.
आणि तेव्हाच मला उलगडा झाला. इथे कुणाला मराठी कळतं? यल्लाप्पा कन्नड, स्वयंपाकीण कन्नड, हे दोघे इंग्रजी. नावं ठेवणं म्हणजे काय? ज्याला ठेवली त्याच्या मनाला लागणं. त्याला कळलंच नाही तर लागणार कुठून? मराठीत बोललेलं ते नुसतं निरीक्षण. अख्ख्या बंगळुरात चौदा वर्षं आपण हेच करत आलो. लिफ्टमध्ये, बँकेत, चिकपेटेत साडीवाल्याच्या तोंडावर. कधी कुणाचं काही बिघडलं नाही.
लगेच चाचणी घेतली. रोशनकडे बघून छान हसलो आणि सुचेताला मराठीत म्हणालो की या येड्याला तिथेच बांधून ठेवा, निदान सावली तरी पडेल. रोशन म्हणाला, थँक यू अंकल.
पास! सुचेता काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं.

दुपारी २.००
जेवण. नाचणीचे गोळे असतील अशी तयारी ठेवली होती, तर पानात चक्क ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं. यांना हे कुठून सुचलं कुणास ठाऊक. कुणाचं तरी बघून केलेलं. स्वयंपाकीण तानूबाई, साठीची, कपाळावर हे एवढं कुंकू. मी तिच्याकडे बघत, मान डोलवत, अगदी गोड आवाजात म्हणालो की ही भाकरी पीण्याला पाठवा, हार्डनेस टेस्ट करून घेतो, आणि वांग्यात तेल इतकं आहे की लेथ मशीन महिनाभर चालेल. बाई हसली. मला आणखी एक भाकरी वाढली. एका बाजूने करपलेली.
बिचारी. कौतुक करतोय असं वाटलं तिला.
सुचेता जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात गेली ती पाऊण तास आत. खुणांनी काय बोलत असेल देव जाणे. हसण्याचा आवाज येत होता.

दुपारी ४.२०
माकडांनी बॅग उघडली. खोलीला कुलूप नाही, इथे म्हणे कुलपाची गरजच पडत नाही! चारही पाकिटं फोडली. चिंचेच्या झाडावर वरपासून खालपर्यंत प्लास्टिक लटकतंय आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव. रम्याने फोटो काढायला फोन शोधला, मग आठवलं की फोन टोपलीत आहे. एवढा एकच फायदा त्या टोपलीचा.
यल्लाप्पा झाडावर चढला, सगळी पाकिटं काढली, धुतली, वाळत घातली. मी खालून सुचेताला मराठीत म्हणालो की बघ, याचे पूर्वज याला वाट करून देतायत. बोललो ते चांगलंच होतं, पण सुचेता हसली नाही. पूर्वी हसायची. लग्नानंतर पहिली पाच-सहा वर्षं तर माझ्या असल्या बोलण्यावर पोट धरून हसायची. कधीपासून बंद झालं ते आठवत नाही.

रात्री ८.०५
इथली एक रीत आहे. जेवणाआधी सगळ्यांनी अंगणात बसायचं आणि दिवसभरात भेटलेल्या एका माणसाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. शाळेत असतात तसले प्रकार.
रोशनने माझं नाव घेतलं. म्हणाला, अंकल सारखे हसत असतात. ठीक आहे, पोरगा वाटतो तितका मठ्ठ नाही.
माझी पाळी आली. मी विचार केला. खरंच केला, प्रामाणिकपणे केला. बराच वेळ गेला. सगळे थांबले होते. यल्लाप्पा, तानूबाई, ती दोघं. सुचेता माझ्याकडे टक लावून बघत होती, लग्नाआधी स्टेशनवर घ्यायला यायची तेव्हा बघायची तशी. शेवटी मी म्हणालो की संडासाच्या दाराच्या बिजागऱ्या उत्तम आहेत. आवाज करत नाहीत. आयएसआय मार्क असणार.
सुचेताने मान खाली घातली. मग तिची पाळी. ती म्हणाली की तानूबाईंना सगळं ऐकू येतं आणि तरीही त्या गरम वाढतात. इंग्रजीत म्हणाली. काय संदर्भ ते कळलं नाही. बाईने पदर डोळ्याला लावला. चुलीचा धूर फार आहे इथे.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ६.००
आज शेवटचा दिवस. कालचा हिशेब: कन्नडमध्ये शून्य, इंग्रजीत शून्य, हिंदीत शून्य. ही क्वालिटी! सुचेता मात्र रात्री माझ्याकडे पाठ करून झोपली. गादी टोचत असेल.
नंतर पक्षी बघायला जायचंय. यल्लाप्पा वाट दाखवणार. म्हणे.

सकाळी ११.४५
झालं ते सरळ लिहितो.
जंगलात वाट फुटत होती. यल्लाप्पा म्हणाला डावीकडे. मला उजवीकडची वाट स्वच्छ, रुंद दिसत होती. मी सुचेताला मराठीत म्हणालो की या अनवाण्याला दिशा कळत असत्या तर तो इथे भांडी घासत बसला असता का, आणि उजवीकडे निघालो. पन्नास पावलांवर पाचोळा होता. पाचोळ्याखाली हत्ती बाहेर जाऊ नयेत म्हणून खणलेला चर होता. सात फूट खोल. बोर्ड होता, पण तो कन्नडमध्ये.
तळाशी चिखल. कमरेपर्यंत. मी वर बघून, दोन दिवसांचं जे साठलं होतं ते सगळं मोकळं केलं. यल्लाप्पा, त्याची मिशी, त्याचं गाव, त्याच्या भाकऱ्या, भुसा, बादली, रोशन, रोशनचं झाड. अस्सल मराठीत. कुणाला काही कळणार नव्हतंच.
मी दम घ्यायला थांबलो तेव्हा वरून यल्लाप्पाचा आवाज आला. शांत, आणि शुद्ध मराठी. म्हणाला की साहेब, आधी उजवा पाय त्या मुळावर ठेवा, बाकीच्या शिव्या वर आल्यावर द्या.
मी मुळावर पाय ठेवला.
तो बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. शाळा मराठी. तानूबाई त्याची सख्खी मावशी. मी वर आल्यावर विचारलं की दोन दिवस मराठी येतं हे लपवलंत कशासाठी. तो म्हणाला की तुम्ही विचारलंच नाही. शिवाय ताईंना पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं.
ताई म्हणजे सुचेता.
ही शुद्ध फसवणूक आहे. माणसाला मराठी येत असेल तर त्याने ते दिसेल असं ठेवावं.

संध्याकाळी ७.३०
घरी. निघताना तानूबाईने सुचेताला जवळ घेतलं, कानात काहीतरी सांगितलं. मला पानात गुंडाळून दोन भाकऱ्या दिल्या. म्हणाली, साहेब, मऊ केल्यात, दूध घालून खावा. मी थँक यू म्हणालो.
गाडीत सुचेताला नीट समजावून सांगितलं. चर धरता येणार नाही. ती इमर्जन्सी. बाकीचं सगळं मला माहीत नसताना घडलेलं, म्हणजे चूक यंत्रणेची, ऑपरेटरची नाही. असल्या केसमध्ये आम्ही पीण्यात माल पास करतो. दहापैकी साडेआठ तरी द्यायलाच हवेत. बावन्न मिनिटं बोललो. तिने एकदाही वाद घातला नाही, म्हणजे मुद्दा पटलाय. उद्या सकाळी नकाराचा मेल टाकेल.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ८.४०
चहाच्या वेळी मीच विषय काढला. मेल टाकलास का पुण्याला?
ती म्हणाली की मेल ऑक्टोबरातच टाकला. होकाराचा. पुण्याला ती जाणारच होती, त्यात ठरवायचं काहीच नव्हतं. ठरवायचं होतं ते वेगळं. मला बरोबर चल म्हणायचं की नाही. त्यासाठी तिला दोन दिवस हवे होते.
मी विचारलं, मग?
ती म्हणाली की माळ्यावरची मोठी बॅग काढून देतोस का.
काढली. चेन अडकत होती. हलकी कंपनी, मी तेव्हाच घेऊ नको म्हणालो होतो, असं म्हणालो. ती म्हणाली, हो. म्हणाला होतास.
एकच बॅग मागितली.

शनिवार, ६ डिसेंबर.
कामवाली नवीन. बरी आहे. पोळ्या बऱ्या करते. शनिवार-रविवार येत नाही. दुपारी शाल्मलीचा फोन. पुण्याच्या घराला बाल्कनी मोठी आहे, आई छान दिसते, म्हणाली. मी बरं म्हणालो. दुकानात अर्धाच लिटर दूध मागितलं, दुकानदाराने विचारलं, स्वल्पच का? सरी म्हटलं, म्हणजे बरं.

रविवार, ७ डिसेंबर. संध्याकाळी ६.१५
जमलं!
शुक्रवार संध्याकाळपासून आत्तापर्यंत, पूर्ण दोन दिवस, मी एकाही माणसाला नाव ठेवलं नाही. कुठल्याच भाषेत नाही. वहीतसुद्धा नाही. लगेच सुचेताला फोन लावला आणि सांगितलं. तिचा आवाज बदलला. खरंच, विचारलं तिने. किती तरी वर्षांनी असं विचारलं. मग विचारलं की घरी कोण कोण आलं होतं दोन दिवसांत.
मी म्हणालो, कुणी नाही.