बायकोच्या दातातला उजेड

३ मार्च, सोमवार
बायकोने दाताने बाटलीचं झाकण उघडलं. झाकण शाबूत, पुढच्या दोनांतला डावा दात अर्धा गेला. महिनाअखेरीला तिच्या शाळेतल्या मैत्रिणी जमणार, म्हणून रडारड. म्हटलं, नवऱ्याची दातांच्या कॅप बनवायची लॅब असताना रडतेस काय? संकल्प: कॅप मीच करणार. समोरच्या लॅबमधल्या टकल्याच्या हाती आमच्या घरचा दात जाणार नाही.

६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि वर व्याख्यान दिलं. म्हणे दात नुसता पांढरा नसतो, अर्धपारदर्शक असतो. उजेड आत शिरतो, जरा घुटमळतो, बाहेर येतो, म्हणून डोळ्याला दात जिवंत वाटतो. मी मान डोलावली. शिकलेल्यांना साध्या गोष्टीत घोळ घातल्याशिवाय चैन पडत नाही. लोकांना रंग दिसतो, बास. उजेड कुठे घुटमळतोय हे बघायला कोण तोंडात डोकावतंय?

११ मार्च
कॅप बसली. लॅबच्या ट्यूबलाइटखाली अप्रतिम. रस्त्यावर येताच बायकोने मोबाइलमध्ये तोंड पाहिलं आणि घरापर्यंत तोंडाला रुमाल लावून चालली. पोरगी म्हणाली, बाबा, बाथरूमची टाइल बसवलीत का? दातात दोष नाही. उन्हात आहे. बायकोला सुचवलं, सावली बघून हसत जा. तिने ताट आपटलं.

१५ मार्च, दुपारी
आरपार पाहिजे ना? घ्या आरपार. नवी कॅप निव्वळ काचेसारख्या पोर्सिलेनची. खिडकीशी धरली तर मागचं बोट दिसलं. टकल्याच्या बापाला जमणार नाही.

१८ मार्च
तोंडाबाहेर उत्तम होती. तोंडात करडी दिसते. मागे तोंडातला अंधार असतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगायला नको? सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, दात किडलाय वाटतं. यांना एरवी पेपरातलं अक्षर दिसत नाही.

२२ मार्च
बायको तोंडावर हात ठेवून हसते. तेही क्वचित. आधी तिचं हसणं खालच्या मजल्यापर्यंत जायचं, मी वैतागायचो. आता घरात करमत नाही, हे खरं. मैत्रिणींकडे जाणारच नाही म्हणते. बायका एवढ्यातेवढ्याने खचतात. उद्या तिसरी कॅप.

२५ मार्च
तिसरी कॅप राहिली. भट्टी नीट तापत नव्हती. शिवाय घाईत कला होत नाही.

३० मार्च
बायको मैत्रिणींकडे गेली एकदाची. मैत्रिणीने काढलेला सेल्फी आला. बायको तोंडभर हसतेय, हात खाली. कुठला दात नकली, सांगून खरं वाटणार नाही. म्हणजे माझी दुसरी कॅप तोंडात हळूहळू मुरली. चांगल्या कामाचं असंच असतं, मूर्खांना धीर नसतो. फोटो मोठा करून लॅबमध्ये लावला. येईल त्याला डाव्या दातावर पेन टेकवून दाखवतो, कडेला बघा, उजेड कसा आत झिरपलाय.

२ एप्रिल
टकल्या आला. फोटोसमोर उभा राहून म्हणाला, वहिनींना शोभतोय हो. माझं काम तुम्ही तुमच्या भिंतीवर लावलंत, मोठं मन आहे तुमचं.
म्हणजे बायकोने आणि डॉक्टरीणबाईंनी परस्पर कॅप बदलून घेतली. घरी कडाक्याचं भांडण. बायको म्हणाली, तुमचं मन मोडायचं नव्हतं, पण मला हसायचंही होतं.

३ एप्रिल
भिंग घेऊन फोटोतला डावा दात तपासला. वाटलंच. मेलेला दात. उजेड आत शिरतच नाही. कड बोथट, रंग वरून फासलेला. आंधळ्यालाही कळेल नकली आहे म्हणून. फोटो उतरवून घरी आणला आणि बायकोला पेनने एकेक दोष दाखवला. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.
मग म्हणाली, त्या मैत्रिणीच्या फोनमध्ये फोटो आरशासारखा उलटा येतो. टकल्याचा दात शेजारचा. हा माझा स्वतःचा.